अमेरिकी विद्यापीठांची प्रतीक्षायादी : उशिरा आलेल्या होकाराचा पेच

रेल्वेचे तिकीट 'वेटिंग'वर असले, की आरक्षणाचा तक्ता लागेपर्यंत जीव टांगणीला लागतो. तरीही आपण कितव्या क्रमांकावर आहोत, पुढे किती जण आहेत आणि गाडी किती वाजता सुटणार, एवढे तरी प्रवाशाला ठाऊक असते. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या प्रतीक्षायादीत यांपैकी काहीच ठाऊक नसते. मार्चअखेरीस 'अर्ज उत्तम आहे, परंतु सध्या जागा नाही' अशा आशयाचे पत्र येते. विद्यार्थी दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयात पैसे भरून मोकळा होतो, नातेवाइकांना पेढे वाटून होतात, आणि मे महिन्याच्या मध्यावर किंवा जूनमध्ये एके रात्री ई-मेल येऊन थडकतो : जागा रिकामी झाली आहे, तीन दिवसांत कळवा.

चार वर्षांचे शिक्षण आणि पुष्कळदा एका सदनिकेएवढी रक्कम, यांचा निवाडा तीन दिवसांत करायचा असतो. मुंबई-पुण्यातून बारावीनंतर थेट पदवीसाठी अमेरिकेची वाट धरणाऱ्या कुटुंबांना हा पेच जसा पडतो, तसाच तो न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही पडतो. दोघांचे हिशेब मात्र वेगळे असतात. अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाला सरकारी साहाय्य मिळू शकते आणि व्हिसाची चिंता नसते. ठाण्याहून किंवा नाशिकहून निघालेल्या मुलापुढे या दोन्ही गोष्टी डोंगरासारख्या उभ्या असतात.

यादी कशासाठी असते?

किती अर्ज आले हे महाविद्यालयाला कळते आणि किती जणांना होकार द्यायचा हे त्याच्या हाती असते. परंतु होकार मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष किती जण येतील, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. येणाऱ्यांच्या या प्रमाणाला तेथील परिभाषेत 'यील्ड' म्हणतात. समजा, एक हजार जागा आहेत आणि तिघांपैकी एक जण येईल असा आजवरचा अनुभव आहे. तर तीन हजारांना होकार द्यावा लागतो. हा अंदाज अवघ्या दोन टक्क्यांनी चुकला, तरी साठ विद्यार्थी कमी किंवा जास्त होतात. जास्त झाले तर वसतिगृहात खाटा पुरत नाहीत. कमी झाले तर चार वर्षे शुल्काचे उत्पन्न बुडते. लग्नघरचा अनुभवी आचारी पाने थोडी कमीच धरतो आणि जास्तीची कणीक बाजूला मळून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. प्रतीक्षायादी म्हणजे ती बाजूला ठेवलेली कणीक होय.

यादीला बहुधा क्रमांक नसतो, त्याचेही कारण यातच आहे. मेच्या प्रारंभी महाविद्यालय रिकाम्या जागा मोजते, त्या वेळी प्रश्न 'पुढचा कोण' असा नसून 'उणीव कशाची' असा असतो. अभियांत्रिकीच्या जागा भरल्या आणि इतिहास-भाषांच्या उरल्या, एखाद्या प्रदेशातून कोणीच आले नाही, वाद्यवृंदातील एखादे वाद्य वाजविणारा मिळाला नाही, अशा उणिवा यादीतून भरल्या जातात. आपल्याकडील केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत पर्सेंटाइलच्या खाली-वर कोणी जाऊ शकत नाही. गुणवत्ता यादी सर्वांसमोर असते. त्या सवयीच्या पालकांना ही पद्धत अपारदर्शक वाटते, आणि ती तशी आहेही. यादीतून जागा मिळाली नाही म्हणजे विद्यार्थी कमी पडला, असा अर्थ काढण्याचे म्हणूनच कारण नाही. जागा मिळाली म्हणजे तो दुय्यम दर्जाचा ठरला, असेही नाही. आत गेल्यावर कोण कोणत्या यादीतून आले हे कोणी विचारीत नाही.

आणखी एक उणीव यादीतून भरली जाते, तिची वाच्यता कमी होते. ती पैशाची. मे महिन्यापर्यंत महाविद्यालयाचा आर्थिक साहाय्याचा निधी बव्हंशी वाटून झालेला असतो. त्यामुळे पूर्ण शुल्क भरू शकणारा अर्जदार प्रतीक्षायादीत असेल, तर त्याचे पारडे अनेक ठिकाणी जड होते. परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश देणारी आणि नंतर त्याची पूर्ण गरज भागविणारी महाविद्यालये मुळातच मोजकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अॅमहर्स्ट यांच्या जोडीला २०२२ मध्ये डार्टमथ व बोडिन आली. पुढे ब्राऊन विद्यापीठानेही २०२५ मध्ये दाखल होणाऱ्या वर्गापासून हेच धोरण स्वीकारले. जी महाविद्यालये एरवी ऐपत पाहत नाहीत, त्यांतील काही प्रतीक्षायादीच्या वेळी मात्र ती पाहतात. म्हणून यादीत नाव ठेवतानाच या धोरणाची लेखी विचारणा केलेली बरी.

१ मेचा संकेत

अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्याने कोठे जायचे हे १ मेपर्यंत कळवावे, असा अनेक दशकांचा संकेत आहे. त्या दिवशी प्रवेश निश्चितीची रक्कम भरली जाते. ती सर्वसाधारणपणे काहीशे डॉलर असते आणि बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. हा संकेत जपण्याचे काम 'नॅशनल असोसिएशन फॉर कॉलेज अॅडमिशन काउन्सेलिंग' ही संघटना करीत आली. एकदा विद्यार्थ्याने एका महाविद्यालयाला शब्द दिला, की दुसऱ्याने त्याला आमिष दाखवून ओढू नये, असा तिच्या आचारसंहितेत नियम होता. अमेरिकी न्याय विभागाने त्याला स्पर्धेच्या कायद्याच्या कसोटीवर आक्षेप घेतला. सप्टेंबर २०१९ मध्ये संघटनेने तो नियम काढून टाकला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्याय विभागाशी तडजोड झाली. तेव्हापासून १ मेनंतर मिळणारा होकार केवळ प्रतीक्षायादीतूनच येईल असे उरलेले नाही. एखादे महाविद्यालय आधी नाकारलेल्या सवलती देऊन पुन्हा दार ठोठावू शकते.

त्यानंतरची काही वर्षे ही व्यवस्था आणखी विस्कटविणारी ठरली. २०२० मध्ये करोनामुळे अनेक महाविद्यालयांनी मुदत १ जूनपर्यंत वाढविली आणि विद्यार्थी येतील की नाही याचा अंदाज कोणालाच बांधता येईना, म्हणून प्रतीक्षायाद्यांतून हात मोकळा सोडून प्रवेश दिले गेले. २०२४ मध्ये सरकारी आर्थिक साहाय्याच्या नव्या अर्जाचा गोंधळ झाला आणि पुन्हा अनेकांना मुदत पुढे ढकलावी लागली.

यादीत राहणे आणि दोन ठिकाणी पैसे भरणे, यांत पालकांची गल्लत होते. एका ठिकाणी रक्कम भरून दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीक्षायादीत राहणे पूर्णतः रीतसर आहे; किंबहुना तीच अपेक्षित पद्धत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बाबतीत तर एकाहून अधिक शाखांच्या यादीत एकाच वेळी राहता येते. याउलट, 'मुलगा अजून ठरवतोय' म्हणून दोन महाविद्यालयांत निश्चितीची रक्कम भरून ठेवणे हा संकेतभंग समजला जातो, आणि तो उघडकीस आल्यास दोन्हीकडचा प्रवेश धोक्यात येऊ शकतो.

आशा किती धरावी?

वर उल्लेख केलेल्या संघटनेच्या पाहणीनुसार २०१८ च्या सत्रासाठी सुमारे ४३ टक्के महाविद्यालयांनी प्रतीक्षायादी वापरली. यादीत राहणे ज्यांनी मान्य केले, त्यांच्यापैकी सरासरी २० टक्क्यांना अखेर जागा मिळाली. अत्यंत निवडक महाविद्यालयांत मात्र हे प्रमाण सुमारे ७ टक्केच होते. सरासरीचा आकडा येथे फारसा उपयोगी नाही, कारण त्याच महाविद्यालयात एका वर्षी कोणालाच बोलावणे येत नाही आणि पुढच्या वर्षी शेकडो जणांना येते. ज्या महाविद्यालयाचा प्रश्न आहे, त्याचा 'कॉमन डेटा सेट' पाहावा. बहुतेक महाविद्यालये हा तक्ता आपल्या संकेतस्थळावर दरवर्षी ठेवतात. त्याच्या 'सी' विभागात यादीत किती जणांना ठेवले, किती जणांनी ते मान्य केले आणि किती जणांना प्रवेश दिला, असे तीन आकडे ओळीने असतात. लागोपाठ चार-पाच वर्षांचे तक्ते चाळल्यास चित्र पुष्कळसे स्पष्ट होते. सल्लागाराच्या शब्दापेक्षा हे पाच कागद अधिक विश्वासार्ह आहेत.

यादीत राहणाऱ्याने करावयाचे काम थोडेच आहे. यादीत राहण्याची संमती मुदतीत कळवायची आणि अजूनही यायची इच्छा आहे असे एक नेमके पत्र पाठवायचे. त्यात अर्जानंतरचे गुण, स्पर्धा, प्रकल्प यांची भर घालायची. जागा मिळाल्यास नक्की येणार असल्यास तसे स्पष्ट लिहावे. मात्र ते एकाच महाविद्यालयाला लिहावे. आठवड्याला एक ई-मेल, ओळखीच्या माजी विद्यार्थ्याचे शिफारसपत्र, आईवडिलांचा फोन यांचा उपयोग होत नाही, झाल्यास अपायच होतो.

होकार आल्यानंतर

आलेला होकार नेमका कशाचा आहे, हे प्रथम शब्दशः वाचावे. तो नेहमीच ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राचा असतो असे नाही. व्हरमाँटमधील मिडलबरी महाविद्यालय काही विद्यार्थ्यांना फेब्रुवारीपासून प्रवेश देते. कॉर्नेल विद्यापीठ काही अर्जदारांना 'एक वर्ष अन्यत्र शिका, ठरलेले गुण मिळवा आणि मग या' असा पर्याय देते. हे पर्याय वाईट नाहीत, पण मधले सहा महिने किंवा वर्ष कोठे काढायचे आणि व्हिसाचे काय, हे प्रश्न भारतातून जाणाऱ्याला अमेरिकी मुलापेक्षा जास्त भेडसावतात.

दुसरी बाब विषयाची. संगणकशास्त्रासाठी अर्ज केलेला विद्यार्थी 'विषय निश्चित नाही' अशा गटात किंवा दुसऱ्याच शाखेत घेतला गेला आहे काय, हे पाहणे अत्यावश्यक आहे. आत शिरल्यावर विषय बदलू, ही समजूत अनेक खासगी महाविद्यालयांत बरोबर ठरते. परंतु वॉशिंग्टन विद्यापीठ किंवा इलिनॉय विद्यापीठाची अर्बाना-शॅम्पेन शाखा यांसारख्या मोठ्या सार्वजनिक संस्थांत आत गेल्यावर संगणकशास्त्राकडे वळणे फार अवघड आहे. मोठ्या नावाच्या संस्थेत नको त्या विषयात अडकण्यापेक्षा मध्यम नावाच्या संस्थेत हव्या त्या विषयाची हमी पुष्कळांना हिताची ठरते.

भारतीय विद्यार्थ्यासाठी याला आणखी एक पदर आहे. पदवीनंतर 'ओपीटी'खाली बारा महिने काम करण्याची मुभा असते; विज्ञान-तंत्रज्ञान गटात मोडणाऱ्या, म्हणजे 'स्टेम' मानलेल्या अभ्यासक्रमांना २०१६ च्या नियमानुसार त्यावर चोवीस महिन्यांची वाढ मिळते. अभ्यासक्रम या गटात आहे की नाही हे त्याच्या नावावरून नव्हे, तर त्याच्या सांकेतिक क्रमांकावरून ठरते. अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम एका विद्यापीठात सर्वसाधारण अर्थशास्त्राच्या क्रमांकाखाली असतो, तर दुसऱ्यात संख्यात्मक अर्थशास्त्राच्या. पहिल्याला एक वर्ष, दुसऱ्याला तीन. कर्ज काढून जाणाऱ्याला या दोन वर्षांचे मोल सांगावयास नको. हे नियम बदलण्याच्या हालचाली अमेरिकेत अधूनमधून होत असतात, त्यामुळे त्यावर सारा डोलारा उभारणे शहाणपणाचे नाही. पण दोन महाविद्यालयांची तुलना करताना हा क्रमांक विचारून घ्यावा.

पैशाचा हिशेब

खरा पेच येथे आहे. समजा, ठाण्यातील एका विद्यार्थिनीने मध्यम आकाराच्या एका विद्यापीठात १ मे रोजी रक्कम भरली. तेथे तिला गुणवत्तेच्या आधारे वर्षाला २० हजार डॉलरची सवलत मिळाली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात अधिक नामांकित विद्यापीठाच्या यादीतून तिला बोलावणे येते, परंतु साहाय्य शून्य. दोन्हींचे मूळ शुल्क सारखेच धरले तरी चार वर्षांत ८० हजार डॉलरचा फरक पडतो. डॉलरला ८५ रुपये धरल्यास ही रक्कम ६८ लाख रुपये होते. तिच्या घरी आता 'नाव' आणि '६८ लाख' यांची तुलना सुरू होईल, आणि ती तुलना भावनेच्या भरात होण्याची शक्यताच अधिक.

अशा वेळी काही गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिल्या महाविद्यालयात भरलेली निश्चितीची रक्कम बुडणार, याचे दुःख हिशेबात धरू नये. ती दोन्ही परिस्थितींत गेलेलीच आहे. सवलतीची बाब निराळी. पहिल्या महाविद्यालयाला नकार कळविल्यावर ती सवलत पुन्हा मिळेल, या भरवशावर राहू नये. म्हणून नव्या महाविद्यालयाचे साहाय्याचे पत्र हाती आल्याखेरीज जुना प्रवेश सोडू नये. पत्र तीन दिवसांत येणार नसेल तर मुदतवाढ मागावी. मुदतवाढ मागितल्याने दिलेला प्रवेश काढून घेतला जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. सौजन्याने आणि कारण देऊन, आर्थिक पत्राची वाट पाहत असल्याचे कळविल्यास काही दिवस वाढवून देण्यास बहुतेक कार्यालये तयार असतात. जुन्या महाविद्यालयाची सवलत दाखवून नव्याकडे साहाय्याची विनंती करण्यातही गैर काही नाही. फक्त जूनमध्ये त्या थैलीत फारसे उरलेले नसते.

सवलत असेल तर ती चारही वर्षांची आहे काय आणि टिकविण्यासाठी किती सरासरी गुण लागतात, हे पाहावे. अमेरिकी महाविद्यालयांचे शुल्क दरवर्षी वाढते. अनेक नामांकित खासगी विद्यापीठांचा वसतिगृह-भोजनासह एकूण वार्षिक खर्च ९० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. सवलतीची रक्कम मात्र बहुधा आहे तेवढीच राहते. भारतातून पैसे पाठविताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली प्रतिव्यक्ती वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. ती आड येत नाही. आड येते ते कर्ज. शैक्षणिक कर्ज विशिष्ट संस्थेच्या प्रवेशपत्रावर मंजूर झालेले असते. महाविद्यालय बदलले की बँकेत नव्याने कागद द्यावे लागतात, आणि रक्कम वाढल्यास तारणाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. तीन दिवसांच्या मुदतीत पहिला फोन बँकेच्या शाखेत केला पाहिजे तो यासाठी.

नावाची किंमत किती?

नामांकित महाविद्यालयामुळे खरोखर फरक पडतो काय, या प्रश्नावर अमेरिकेत गंभीर संशोधन झाले आहे आणि त्याचे निष्कर्ष दोन्ही बाजूंच्या काका-मामांना थोडे थोडे निराश करणारे आहेत. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यात अग्रगण्य मानला जातो. ज्या विद्यार्थ्यांनी सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांकडे अर्ज केले आणि ज्यांना सारखेच होकार-नकार मिळाले, अशांची त्यांनी तुलना केली. अधिक निवडक महाविद्यालयात गेलेल्यांची पुढील कमाई सरासरीने फारशी जास्त आढळली नाही. थोडक्यात, जो विद्यार्थी तेथे प्रवेश मिळविण्याच्या योग्यतेचा आहे, तो अन्यत्र गेला तरी बहुधा तेवढेच मिळवितो. ज्यांच्या घरी आर्थिक पाठबळ नव्हते, अशा विद्यार्थ्यांना मात्र निवडक महाविद्यालयाचा स्पष्ट लाभ झालेला दिसला.

दुसरा अभ्यास २०२३ चा. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीगची आठ विद्यापीठे व त्यांच्या जोडीला स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो अशा बारा संस्थांचा अभ्यास केला. या लेखाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की त्यांनी आपला निष्कर्ष प्रतीक्षायादीवरच बेतला. यादीतील दोन सारख्या अर्जदारांपैकी एकाला जागा मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, त्यात नशिबाचा भाग मोठा असतो. तेव्हा दोघांच्या पुढील आयुष्यातील फरक हा बऱ्याच अंशी महाविद्यालयामुळे पडलेला फरक होय, अशी त्यांची मांडणी. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाऐवजी या बारांपैकी एकात गेल्यास सरासरी कमाईत फरक थोडाच पडतो, असे त्यांनाही आढळले. परंतु उत्पन्नाच्या सर्वोच्च एक टक्का गटात पोहोचण्याची शक्यता लक्षणीय वाढते, अग्रगण्य संस्थेत पुढील शिक्षण घेण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते आणि प्रतिष्ठित कंपन्या-संस्थांत काम मिळण्याची शक्यता त्याहूनही अधिक वाढते.

या दोन अभ्यासांतून पालकांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी, की हा लाभ त्या बारा संस्थांबाबत तपासला गेला आहे. क्रमवारीत ६२ व्या असलेल्या विद्यापीठाऐवजी ४१ व्यात गेल्यास असे काही घडते, याला त्यात आधार नाही. आणि प्रतीक्षायादीचे बहुसंख्य पेच नेमके याच टप्प्यातले असतात. दुसरी गोष्ट, चेट्टी प्रभृतींचा अभ्यास अमेरिकी प्राप्तिकराच्या नोंदींवर आधारलेला, म्हणजे प्रामुख्याने तेथील विद्यार्थ्यांचा आहे. कामाच्या परवान्यावर भवितव्य अवलंबून असलेल्या भारतीय विद्यार्थ्याला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. पुण्यात परतून नोकरी किंवा कौटुंबिक व्यवसाय करावयाचा असेल तर हिशेब आणखी बदलतो. इकडे हार्वर्ड-स्टॅनफर्ड सर्वांना ठाऊक असतात, परंतु तितकीच उत्तम अॅमहर्स्ट किंवा पोमोना ही महाविद्यालये किती जणांना ठाऊक असतात?

व्हिसाची घडी

प्रवेश बदलला की कागदांची साखळी पुन्हा जोडावी लागते. प्रत्येक महाविद्यालय आपला स्वतंत्र आय-२० देते आणि त्यासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. त्यावरील 'सेव्हिस' क्रमांकावर ३५० डॉलर शुल्क भरलेले असल्यास ते बुडत नाही. नव्या आय-२० च्या क्रमांकावर ते वळते करून घेता येते. व्हिसाची मुलाखत व्हायची असेल तर अर्जातील महाविद्यालयाची माहिती दुरुस्त करून नवा आय-२० घेऊन जाता येते. गुंतागुंत होते ती व्हिसाचा शिक्का आधीच बसला असेल तर. पहिल्यांदा अमेरिकेत प्रवेश करताना व्हिसावर नमूद असलेल्या संस्थेतच शिकावयास जात असले पाहिजे, असा नियम आहे. अशा वेळी वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासाकडून रीतसर दुरुस्ती किंवा नवा व्हिसा घेऊनच निघावे. जुन्या आय-२० वर जाऊन तेथून दुसरीकडे वळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

वेळेचे गणित हे येथे सर्वांत कठोर आहे. मे ते जुलै हा मुलाखतींच्या गर्दीचा काळ. २०२५ मध्ये तर २७ मेपासून विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणेच थांबविण्यात आले होते. १८ जून रोजी ते पुन्हा सुरू करण्याचे जाहीर झाले, तेव्हा अर्जदारांनी आपली समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक करावीत, अशी नवी अट त्यात जोडली गेली. ज्यांच्या हाती जुना आय-२० आणि मुलाखतीची तारीख दोन्ही होती, त्यांच्यासाठी त्या काळात यादीतून आलेला होकार म्हणजे निश्चित गोष्ट सोडून अनिश्चिताच्या मागे जाणे होते. म्हणून नव्या महाविद्यालयाला पहिल्याच उत्तरात दोन प्रश्न विचारावेत : आय-२० किती दिवसांत मिळेल, आणि व्हिसाला उशीर झाल्यास प्रवेश पुढील सत्रासाठी राखून ठेवला जाईल काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे.

वसतिगृहाचीही चौकशी करावी. उशिरा येणाऱ्याला उरलेली खोली मिळते. क्वचित परिसराबाहेर राहावे लागते. परक्या देशातील पहिल्या वर्षी हा तपशील क्षुल्लक राहत नाही.

इकडची जागा

अनेक विद्यार्थ्यांनी भारतातही एखाद्या अभियांत्रिकी किंवा कला-वाणिज्य महाविद्यालयात प्रवेश घेऊन ठेवलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अखेरच्या तारखेपूर्वी किमान पंधरा दिवस आधी प्रवेश सोडल्यास पूर्ण शुल्क परत मिळावयास हवे. त्यानंतर, पण अखेरच्या तारखेपूर्वी सोडल्यास ९० टक्के, तारखेनंतरच्या पंधरा दिवसांत ८० टक्के आणि तीस दिवसांपर्यंत ५० टक्के. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयाने स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०२४-२५ या वर्षासाठी आयोगाने याहून उदार भूमिका घेऊन ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच्या रद्द प्रवेशांचे संपूर्ण शुल्क परत करण्यास सांगितले होते. दरवर्षीचे परिपत्रक पाहूनच तारीख ठरवावी. खासगी संस्था टाळाटाळ करू लागल्यास या अधिसूचनेची प्रत अर्जाला जोडणे परिणामकारक ठरते.

एम.एस. किंवा पीएच.डी.साठी जाणाऱ्यांना यातील बराच भाग लागू होत नाही. तेथे साहाय्यासह मिळालेल्या प्रवेशाचे उत्तर देण्यासाठी १५ एप्रिलपर्यंत वेळ द्यावा, असा ठराव अनेक विद्यापीठांनी मान्य केलेला आहे. त्यामुळे तेथील प्रतीक्षायादीची हालचाल त्या तारखेच्या आसपास होते, आणि संशोधन करणाऱ्याला महाविद्यालयाच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोण, हाच प्रश्न महत्त्वाचा असतो.

शब्द बदलताना

पहिल्या महाविद्यालयाला शब्द देऊन तो बदलणे अप्रामाणिकपणाचे आहे काय, ही शंका विद्यार्थ्यांना, विशेषतः सरळमार्गी घरातील मुलांना, छळते. प्रतीक्षायादीतून बोलावणे आल्यास काही विद्यार्थी जातील, हे प्रत्येक महाविद्यालय गृहीत धरते. उन्हाळ्यातील या गळतीचा अंदाज त्याच्या गणितात आधीच धरलेला असतो. अप्रामाणिकपणा होतो तो न कळविण्यात. निर्णय झाल्याच्या दिवशीच दोन ओळींचे आभारपत्र पाठवून प्रवेश सोडत असल्याचे कळवावे, वसतिगृहाची नोंदणी रद्द करावी आणि त्या संस्थेच्या आय-२० विभागालाही स्वतंत्रपणे कळवावे. ती जागा रिकामी झाली, की त्या महाविद्यालयाच्या प्रतीक्षायादीतील दुसऱ्या कोणाच्या तरी घरी फोन वाजतो.

निर्णय उलट झाला, तर उशिराचा होकार नाकारण्यासही तितकीच तत्परता दाखवावी. मुदत संपेपर्यंत तो नुसता धरून ठेवण्याने नाकारणाऱ्याचा काही लाभ होत नाही. मुलाने मे महिन्यात निवडलेल्या महाविद्यालयातील भावी सहाध्यायांशी ओळखी करून घेतल्या असतील, तेथील एखाद्या प्राध्यापकाशी त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला असेल, आणि नव्या नावाने घरातील मोठी माणसेच अधिक हरखली असतील, तर त्यालाच एक रात्र विचार करू द्यावा आणि सकाळी त्याचे उत्तर ऐकून घ्यावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कार्यालये भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात सायंकाळी साडेसहाच्या सुमारास उघडतात. तोपर्यंत बँक, आय-२० आणि सवलत यांचे प्रश्न कागदावर लिहून तयार ठेवता येतात.